एक टक्का सिरियम : गॅसबत्तीच्या जाळीचा इतिहास

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत वीज पोहोचण्यापूर्वी लग्नाच्या वराती, तमाशाचे फड, कोकण-गोव्यातील दशावतारी नाटके आणि जत्रांमधील दुकाने ज्या गॅसबत्तीच्या उजेडात रात्र काढत, तिच्या काचेआड लोंबणाऱ्या पांढऱ्या जाळीला मॅन्टल म्हणत. ही जाळी खरे पाहता राखेची असे, आणि त्या राखेत ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व जेमतेम १ टक्का सिरियम ऑक्साइड असे. या धंद्याच्या इतिहासात थोरियमचे नाव सतत पुढे राहिले, कारण ते महाग होते, वजनात तेच भरत होते आणि पुढे अणुशक्तीशी जोडले गेल्याने त्याला राजकीय महत्त्वही आले. परंतु जाळीतून बाहेर पडणारा झगझगीत प्रकाश जवळजवळ सर्वस्वी त्या एका टक्क्याचा होता, आणि मॅन्टलच्या धंद्याची घडण समजून घ्यायची तर सिरियमच्या या संयुगाचे गुणधर्म समजून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

सिरियम हे विरल मृत्तिका गटातील, म्हणजे वृत्तपत्रांत ज्यांना आज ‘दुर्मीळ मृदा धातू’ म्हटले जाते त्या गटातील, मूलद्रव्य आहे. ‘मृत्तिका’ हा शब्द येथे मातीच्या अर्थाने नसून जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिभाषेतला आहे. पाण्यात न विरघळणाऱ्या आणि कितीही तापवले तरी सहसा न बदलणाऱ्या ऑक्साइडांना ते मृत्तिका म्हणत असत. ‘विरल’ हे विशेषण मात्र सिरियमच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे, कारण भूकवचात हा धातू साधारणपणे तांब्याइतका आढळतो. स्वीडनमधील बास्टनेस येथील खाणीत सापडणाऱ्या एका जड, तांबूस दगडाचे पृथक्करण करून १८०३ मध्ये यन्स याकोब बर्झेलियस आणि खाणमालक विल्हेल्म हिसिंगर यांनी त्याचे ऑक्साइड ओळखले, आणि दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून मूलद्रव्याचे नाव ठेवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मार्टिन क्लाप्रोट यांनीही हीच मृत्तिका स्वतंत्रपणे वेगळी केली होती आणि तापवल्यावर ती गेरूसारखी पिवळसर-तपकिरी होते म्हणून तिला त्या रंगावरून नाव दिले होते. क्लाप्रोट यांचे नाव टिकले नाही, परंतु त्यांची नजर अचूक होती. सिरियम ऑक्साइडचा रंग हाच त्याच्या पुढील सगळ्या कर्तृत्वाचा मूळ धागा ठरला.

शुद्ध सिरियम डाय-ऑक्साइड ही फिकट पिवळी, पाण्याच्या सातपटींहून जड अशी भुकटी असते, ती सुमारे २४०० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही, आणि एकदा चांगली भाजली गेली की साध्या आम्लांना दाद देत नाही. तिच्या शेजारची बहुतेक मूलद्रव्ये संयुग बनवताना तीन इलेक्ट्रॉन देऊन थांबतात. सिरियम मात्र चौथाही इलेक्ट्रॉन सोडू शकते आणि परिस्थिती बदलली की तो परत घेऊ शकते. या चौथ्या इलेक्ट्रॉनामुळे ऑक्साइडातील ऑक्सिजन आणि सिरियम यांच्यात विद्युत्भाराची जी देवघेव होते ती जंबुपार आणि जांभळा-निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून भुकटी पिवळी दिसते. तापमान वाढवले की हे शोषण निळ्याकडून हिरव्याकडे सरकत जाते आणि पिवळेपणा गडद होतो. थंड झाल्यावर भुकटी पुन्हा फिकट होते.

१८३९ मध्ये कार्ल मोसांडर यांनी दाखवून दिले की बर्झेलियस यांची मृत्तिका एकजिनसी नव्हती. तिच्यातून त्यांनी प्रथम लँथॅनम आणि काही वर्षांतच ‘डिडिमियम’, म्हणजे जुळे, या नावाचा पदार्थ वेगळा केला. हे जुळेही खरोखरच दोन मूलद्रव्यांचे मिश्रण आहे, हे १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल आउअर यांनी सिद्ध केले आणि त्यातून प्रॅसिओडिमियम व निओडिमियम निघाली. हेच आउअर पुढे आउअर फॉन वेल्सबाख या नावाने प्रसिद्ध झाले. हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन यांच्या हाताखाली शिकताना त्यांनी ज्योतीत क्षार धरून वर्णपट पाहण्याची पद्धत आत्मसात केली होती, आणि ज्योतीत धरलेल्या काही विरल मृत्तिका डोळे दिपतील इतक्या प्रखर उजळतात हे त्यांच्या लक्षात आले होते. प्लॅटिनमच्या तारेवरील मणी फार लहान पडतो म्हणून त्यांनी सुती कापड क्षारांच्या द्रावणात भिजवून जाळून पाहिले; कापूस जळून गेला, पण त्याच्या धाग्यांचा आकार ऑक्साइडाच्या सांगाड्याच्या रूपाने जसाच्या तसा उभा राहिला. पुढे अब्जावधी मॅन्टल ज्या कृतीने बनले ती कृती एवढीच आहे.

त्या काळचा गॅसचा दिवा म्हणजे उघडी ज्योत असे. दगडी कोळशापासून काढलेला वायू जळताना त्यातील काजळीचे कण तापून पिवळे उजळत, आणि मुंबईतही १८६० च्या दशकापासून रस्त्यांवर असेच दिवे लागले होते. आउअर यांच्या कल्पनेने ज्योतीकडून प्रकाशाचे काम काढून घेतले आणि तिला केवळ उष्णता पुरवण्यास सांगितले. म्हणजे काजळी न धरणारी निळी बुन्सेन-ज्योत जाळीच्या आत जळेल आणि प्रकाश जाळी देईल. १८८५ चे पहिले पेटंट मॅग्नेशियम, लँथॅनम आणि यिट्रियम यांच्या ऑक्साइडांच्या मिश्रणाचे होते. व्हिएन्नाजवळ आट्झगर्सडॉर्फ येथे १८८७ मध्ये कारखाना निघाला, पण या जाळीचा प्रकाश हिरवट पडे, माणसांचे चेहरे त्यात निस्तेज दिसत, आणि जाळी थोड्याच दिवसांत चुरा होऊन जाई. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्याने १८८९ मध्ये कारखाना बंद पडला.

यानंतरची दोन वर्षे या इतिहासातील सर्वांत मोलाची आहेत, कारण याच काळात एका अशुद्धीचे महत्त्व कळून आले. आउअर यांनी आता थोरियम ऑक्साइड हाती घेतले होते, ज्याचा वितळबिंदू ३३०० अंशांच्या आसपास, म्हणजे ज्ञात ऑक्साइडांमध्ये सर्वांत वरचा आहे, आणि त्याची जाळी मजबूत होत होती. परंतु थोरियम जसजसे अधिक शुद्ध करावे तसतसा त्याचा प्रकाश मंदावत जाई. शुद्धीकरणात काढून टाकले जाणारे काहीतरी प्रकाश देत असले पाहिजे, या तर्काने त्यांनी शोध घेतला, तेव्हा ती अशुद्धी सिरियमची निघाली. रसायनशास्त्रज्ञाची सगळी शिकवण त्याला शुद्धतेकडे ढकलत असते. येथे त्या शिकवणीच्या उलट चालण्याचा निर्णय आउअर यांनी घेतला, आणि या संपूर्ण कथेत हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण मानला पाहिजे. ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सिरियम ऑक्साइड असे प्रमाण ठरले, आणि ४ नोव्हेंबर १८९१ रोजी व्हिएन्नातील ऑपेरा-कॅफेसमोर हे नवे दिवे प्रथम लागले.

एकच टक्का का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९०५-०६ मध्ये बर्लिनचे हाइनरिश रुबेन्स यांच्या मापनांतून मिळाले. ज्यांच्या अवरक्त किरणांवरील मोजमापांमुळे १९०० मध्ये माक्स प्लांक पुंज सिद्धांतापर्यंत पोहोचले, तेच हे रुबेन्स. किर्खहोफ यांच्या नियमानुसार एखादा पदार्थ ज्या रंगाचा प्रकाश चांगला शोषतो, तापल्यावर त्याच रंगाचा प्रकाश तो चांगला बाहेर टाकतो. शुद्ध थोरियम ऑक्साइड पांढरे असते, दृश्य प्रकाश ते शोषत नाही, म्हणून तापूनही ते फारसे उजळत नाही. मात्र ज्या अवरक्त पट्ट्यात तापलेल्या वस्तू आपली उष्णता गमावतात त्याच्या मोठ्या भागातही ते दुर्बळच असल्याने त्याची जाळी ज्योतीच्या तापमानाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचते. शुद्ध सिरियम ऑक्साइडची जाळी याच्या उलट वागते : ती मिळालेली उष्णता भराभर उधळते, म्हणून थंड राहते आणि तिचा प्रकाश तांबूस, मंद पडतो. या दोन्हींच्या मधला बिंदू एका टक्क्याजवळ सापडतो, जेथे सिरियम निळा-हिरवा प्रकाश फेकण्याइतके असते, पण जाळी थंड करण्याइतके नसते. पाच टक्के मिसळले तर उजेड उतरतो, दहा टक्के मिसळले तर पारच उतरतो. डाळीतल्या हिंगाचे प्रमाण सुगरणीच्या बोटांना माहीत असते, तसे हे प्रमाण आउअर यांच्या हातांना रुबेन्स यांच्या सिद्धांताच्या चौदा वर्षे आधी सापडले होते.

त्याच गॅसमधून कितीतरी पट उजेड मिळू लागल्याने एडिसनच्या विजेच्या दिव्यापुढे हार मानू पाहणाऱ्या गॅस कंपन्यांना आणखी काही दशकांचे आयुष्य मिळाले. जाळीला प्रकाशमान ज्योत लागत नसून तप्त ज्योत लागत असल्याने गॅसची प्रत ठरवण्याची रीतही बदलली. ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्याने गॅसची विक्री त्याच्या उष्णतेच्या मोजमापावर आली, आणि ज्योतीचा उजेड किती मेणबत्त्यांइतका हे मोजण्याचा पूर्वीचा हिशेब मागे पडला. बर्लिनच्या एरिश उंड ग्रेट्झ या कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हीच जाळी रॉकेलच्या वाफेवर चालणाऱ्या बत्तीत बसवली. तिला माक्स ग्रेट्झ यांच्या नावावरून पेट्रोमॅक्स हे नाव पडले, आणि ज्या गावांत गॅसची नळी कधीच येणार नव्हती तेथे सिरियमचा उजेड पोहोचला.

मराठी मुलखात या बत्तीची निगा हे एक स्वतंत्र कसब होते. नवा मॅन्टल कागदी पाकिटातून निघे तेव्हा तो लहान मुलाच्या मोज्यासारखा मऊ, किंचित चिकट असे, कारण धाग्यांत थोरियम आणि सिरियमची नायट्रेटे भरलेली असत. बत्तीवाला तो बर्नरच्या मानेवर दोऱ्याने सारख्या चुण्या पाडून बांधी आणि काडी लावी. कापड आधी काळे पडे, मग कडेपासून पांढरे होत आक्रसून जाई, आणि नायट्रेटांची ऑक्साइडे होऊन जी जाळी उरे ती इतकी नाजूक असे की बोट लागले तरी तिची भुकटी व्हावी. मग स्पिरिट जाळून नळी तापवायची, टाकीत पंपाने हवा भरायची, नोझल तुंबले तर पिन मारायची, आणि वाफ धरताच जाळी भरून येऊन पांढरीशुभ्र पेटे. वरातीत ही बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला ठेच लागली, किंवा मोठा किडा काचेतून आत शिरून जाळीवर आदळला, तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरणारी ती राख खाली पडे आणि सगळ्या मंडळींना नवा मॅन्टल बांधून होईपर्यंत अंधारात थांबावे लागे.

या राखेचा कच्चा माल मोनॅझाइट नावाच्या खनिजातून येई, जे सिरियम, लँथॅनम इत्यादींचे फॉस्फेट असून त्यात थोरियमही मिसळलेले असते. त्याचे मधाच्या रंगाचे कण समुद्रकिनाऱ्यावरील काळ्या वाळूत साचतात. सुरुवातीस ही वाळू ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येत होती आणि थोरियमचा व्यापार मुख्यतः जर्मन कारखान्यांच्या हाती होता. १९०९ मध्ये शोम्बेर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनॅझाइट आढळले, त्याने किनाऱ्यापर्यंत माग काढला, आणि आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात असलेल्या मणवाळकुरिची येथे वाळू वेगळी करण्याचे काम सुरू झाले. पहिले महायुद्ध पेटताच शोम्बेर्गला अटक झाली आणि धंदा ब्रिटिश नियंत्रणाखाली गेला. त्रावणकोरच्या वाळूत थोरियमचे प्रमाण ब्राझीलच्या वाळूपेक्षा अधिक असल्याने तिने लवकरच ब्राझीलला मागे टाकले. किनाऱ्यावर वाळू उपसणाऱ्या मजुरांच्या हाती यातून काय पडले याचा विचार करता, वाळू म्हणून बाहेर गेलेल्या मालाचे खरे मोल ज्याला तिचे रसायन ठाऊक होते त्यालाच मिळाले, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

याच ठिकाणी त्या एका टक्क्याचा दुसरा परिणाम समोर येतो. त्रावणकोरच्या मोनॅझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड ८ ते ९ टक्के, तर विरल मृत्तिकांची ऑक्साइडे मिळून सुमारे ६० टक्के असतात, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे एकट्या सिरियमचे असते. हिशेब मांडून पाहिला तर १०० किलो मॅन्टल-राखेसाठी अकराशे-बाराशे किलो मोनॅझाइट फोडावे लागे, त्यातून सिरियम ऑक्साइड तीनशे किलोच्या आसपास निघे, आणि जाळीला लागे केवळ एक किलो. म्हणजे ज्याच्यामुळे सारा धंदा उभा होता तोच पदार्थ कारखान्याच्या मागे ढिगाने साचत होता. या ढिगाचे काय करावे या विवंचनेतून आउअर यांनी १९०३ मध्ये दुसरे मोठे पेटंट घेतले. सिरियमप्रधान मिश्रधातूत सुमारे ३० टक्के लोखंड घातले की त्यावर खरवडताच ठिणग्या उडतात, हे त्यांनी दाखवले, आणि १९०७ मध्ये ऑस्ट्रियातील ट्रायबाख येथे त्याचा कारखाना उभा राहिला. सिगारेट-लायटरमध्ये आजही घालतात तो चकमकीचा खडा हाच. उरलेल्या सिरियमला सिनेमाच्या प्रोजेक्टरांतही जागा मिळाली. तेथील कार्बनच्या कांड्यांच्या गाभ्यात सिरियम फ्लुओराइड घातल्याने कमानदिव्याचा प्रकाश अधिक पांढरा आणि प्रखर होई.

अणुयुगाने थोरियमकडे पाहण्याची दृष्टी पालटली आणि स्वतंत्र भारताने मोनॅझाइटच्या निर्यातीवर बंधने आणली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली, जिचे मुख्यालय पुढे मुंबईत प्रभादेवीला आले. केरळमधील अलुवा येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९५२ च्या डिसेंबरमध्ये झाले. तेथे कॉस्टिक सोड्याने मोनॅझाइट फोडून विरल मृत्तिका वेगळ्या काढल्या जात आणि थोरियम हायड्रॉक्साइडचा चोथा मुंबईजवळ तुर्भे येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या थोरियम कारखान्यात येई. भविष्यातील अणुभट्ट्यांसाठी थोरियम साठवणाऱ्या याच कारखान्यातून मॅन्टल बनवणाऱ्यांना थोरियम नायट्रेट मिळत असे. देशाच्या अणुस्वप्नाचा कच्चा माल आणि खेड्यातल्या वरातीच्या बत्तीचा कच्चा माल एकाच आवारात तयार होत होता, आणि या योगायोगाची दखल मराठीत अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

मॅन्टल मागे पडला तरी सिरियम ऑक्साइड मागे पडले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भिंगे आणि आरसे घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तांबड्या लोह-ऑक्साइडच्या भुकटीची जागा त्याने घेतली, कारण ते काच केवळ खरवडत नाही, तर पाण्याच्या उपस्थितीत काचेतील सिलिकाशी क्षणभर बंध जोडून तिचा पृष्ठभाग थराथराने ओढून काढते. १९८० च्या दशकापासून मोटारींच्या धुराड्यात बसवलेल्या उत्प्रेरक पेटीत त्याचा वापर वाढला. भारतात अशी पेटी १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीची झाली. धुरात ऑक्सिजन कमी पडला की सिरियम ऑक्साइड आपल्या स्फटिकातला ऑक्सिजन सोडते, आणि जास्त झाला की परत शोषून घेते. स्फटिकाची मूळ चौकट या देवघेवीत ढळत नाही. हे काम चौथ्या इलेक्ट्रॉनाच्या येण्याजाण्यावर चालते, म्हणजे ज्या गुणामुळे क्लाप्रोट यांना भुकटी गेरूसारखी दिसली आणि व्हिएन्नातली जाळी उजळली, त्याच गुणावर.

थोरियम किरणोत्सर्गी आहे हे १८९८ मध्येच जर्मनीत श्मिट आणि पॅरिसमध्ये मारी क्यूरी यांनी दाखवले होते, तरी जाळीतील त्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने धंदा चालू राहिला. १९९० च्या दशकापासून मात्र काही देशांतील उत्पादकांनी थोरियम सोडून यिट्रियमच्या जाळ्या काढल्या. आज अनेक वाड्यांच्या माळ्यांवर आणि गावोगावच्या संग्रहालयांत पितळी टाकीच्या जुन्या गॅसबत्त्या पाहायला मिळतात, आणि त्यांच्या नोंदींत टाकीचा धातू, काचेचा आकार व कारखान्याचे नाव आवर्जून लिहिलेले असते. जाळीचा मात्र उल्लेख नसतो. संग्राहकांनी न वापरलेल्या मॅन्टलची पाकिटे त्यांच्यावरील छापील मजकुरासह जपून ठेवावीत, जाळी थोरियमची की यिट्रियमची याची नोंद करावी, आणि जळालेल्या जाळीची भुकटी फुंकरीने झटकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.